देवालय आणि जलाशय : खानदेशांतील स्थळवर्णनांचें परीक्षण

एरंडोलपासून सुमारें १० किलोमीटरवर, डोंगरावरील झाडींत, पद्मालय नांवाचें गणपतीचें क्षेत्र आहे. देवळाला लागून तळें, तळ्यांत कमळें, आणि त्यावरूनच क्षेत्राला नांव पडलें. गाभाऱ्यांत गणपतीच्या दोन मूर्ति असून एकीची सोंड उजवीकडे व दुसरीची डावीकडे वळलेली आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तेथें जाण्याचा योग आला. कोणत्याहि जुन्या देवळांत पाऊल टाकतांच आधीं वही काढावयाची, ही प्रस्तुत लेखकाची जुनी संवय. त्याप्रमाणें तेथेंहि टिपण केलें. घरीं आल्यावर तें नीट लिहून काढूं लागलों, तेव्हां वहींत मूर्तींचें वर्णन होतें, मोठ्या घंटेचें होतें, खांबांचें व दगडकामाचें होतें. तळ्याविषयीं मात्र एकच शब्द लिहिलेला सांपडला : ‘कमळें’. तळें देवळाच्या कोणत्या अंगास आहे, दारांत उभें राहिलें असतां पाणी दिसतें कीं नाहीं, पायऱ्या किती बाजूंनीं उतरतात, पाणी येतें कोठून आणि तुडुंब भरल्यावर जातें कोठें, यांपैकीं एकाहि गोष्टीची नोंद नव्हती. ज्या पाण्यानें क्षेत्राला नांव दिलें तेंच पाणी टिपणांतून गळालें होतें.

ही चूक एकट्या लेखकाची असती तर ती या पृष्ठांवर मांडण्याचें कारण नव्हतें. परंतु स्वतःच्या टिपणाची लाज वाटून खानदेशच्या देवळांविषयीं जें साहित्य हाताशीं होतें तें पुन्हां उघडलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, ही उणीव आमच्या बहुतेक स्थळवर्णनांत मुरलेली आहे. दगडाचें माप घेण्यांत आम्ही काटेकोर असतों. पाण्याचा उल्लेख करितों तो शोभेपुरता. पुढील परीक्षण त्या संवयीचें आहे. त्यांत ज्यांचीं नांवें येतील त्यांचें ऋण मान्य करूनच तीं घेतलीं आहेत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचा खानदेशावरील बारावा खंड १८८० सालीं निघाला. खानदेश हा तेव्हां एकच जिल्हा होता. पूर्व व पश्चिम अशी त्याची वांटणी १९०६ सालीं झाली. गांवांच्या अनुक्रमानें दिलेलीं त्यांतील वर्णनें आजहि पहिला आधार म्हणून पाहावीं लागतात. परंतु जुन्या बांधकामाची जात व काळ सांगावयास त्या पिढीला बहुधा एकच शब्द पुरला : ‘हेमाडपंती’. चुन्यावांचून बसविलेले घडीव चिरे दिसले कीं हेमाडपंत, आणि गांवकऱ्यांनीं तसें सांगितलें तर गवळी राजा. वस्तुतः हेमाद्रि हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांच्या पदरीं होता. म्हणजे त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचा लेख शके ९८२ चा व वाघळीचा शके ९९१ चा. सुमारें दोनशें वर्षें आधीं झालेल्या कामाचें श्रेय हेमाद्रीला देतां येत नाहीं, हें आतां सर्वमान्य आहे व त्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांतली एक बाजू मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. तोच शब्द देवळाप्रमाणें बारवेला, विहिरीला व टांक्यालाहि चिकटला. देवळाचा काळ चुकला तर स्तंभ, द्वारशाखा, मूर्ति यांवरून तो मागाहून दुरुस्त करितां येतो. बारवेच्या अंगावर सांगण्यासारखें शिल्प थोडें असतें, म्हणून तिच्या बाबतींत तो शब्द जो एकदां बसला तो बसलाच.

हेन्री कझेन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. बलसाणें, पाटणें, चांगदेव या आमच्या स्थळांचा सविस्तर विचार त्यांत आहे, आणि त्यांतील आराखडे व चित्रें यांवांचून खानदेशच्या मंदिरशिल्पाविषयीं आजहि कोणाला एक पान लिहितां येणार नाहीं. त्यांनीं हीं देवळें पाहिलीं तेव्हांपासून आजवर जे दगड ढळले किंवा नाहींसे झाले त्यांची साक्ष आतां त्या पानांतच उरली आहे. तथापि त्यांचा प्रश्न शिल्पज्ञाचा होता : ही इमारत कशी रचली? ज्याचा प्रश्न एवढाच असेल त्याचा आराखडा बहुधा जोत्यापाशीं थांबतो, आणि जोत्याबाहेर कागद पांढरा राहतो. त्या पांढऱ्या जागेंत पाणी होतें, बाग होती, मठ होता, हें ज्याला ठाऊक नाहीं त्याला तें देऊळ माळावर आणून ठेवलेलें एक शिल्प वाटतें. कझेन्स यांस हा दोष देतां येत नाहीं. आमच्या देशीं लेखकांनीं त्यांचे आराखडे जसेच्या तसे उचलले आणि तो कोरा कागदहि त्यांबरोबर उचलला, हा दोष आमचा.

मग त्या कोऱ्या जागेंत कोण वावरलें? पांडव. एरंडोलास पांडववाडा आहे, तेथील लोक आपल्या गांवाला एकचक्रानगरी म्हणतात, आणि पद्मालयाजवळच भीमकुंड आहे. बकासुराचा वध तेथेंच झाला असें सांगतात. लोककथेला हंसण्याचें कारण नाहीं. लोकांच्या स्मरणांत पाणी राहिलें तें तिच्यामुळें. परंतु विद्वानांनीं देऊळ घेतलें व पाणी लोकांकडे सोडून दिलें, त्याचा परिणाम असा झाला कीं, एकाच जागेची अर्धी हकीगत शिलालेखांच्या ग्रंथांत आणि अर्धी माहात्म्यांच्या चोपड्यांत पडली, व दोहोंची गांठ पडेना. माहात्म्य छापणाऱ्याला कुंडाचा झरा ठाऊक असतो पण त्याला काळाची फिकीर नसते. संशोधकाला काळाची फिकीर असते, पण कुंड त्याच्या हिशेबांतच नसतें.

हें दुभंगणें अलीकडचें आहे, ज्यांनीं हीं कामें केलीं त्यांच्या मनांतलें नाहीं. धर्मशास्त्रांत ‘पूर्त’ हा एकच शब्द आहे, आणि वापी, कूप, तडाग, देवायतन, अन्नदान व आराम हीं सर्व त्याच्या पोटांत येतात. देऊळ बांधणें व तळें खणणें हीं दोन निराळ्या जातींचीं पुण्यें नव्हेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील प्रासादलक्षणाचा अध्याय तर याहून पुढें जातो. जलाशय व बागा करून मग देवालय करावें, असा त्याचा क्रम आहे. आणि देव कोठें रमतात हें सांगतांना, कमळांनीं ऊन अडविलेलीं सरोवरें तो सर्वांआधीं घेतो. पद्मालयाच्या काठीं उभें राहून हा अध्याय आठवला असता तर वहींत एका शब्दापेक्षां अधिक कांहीं उतरलें असतें, असें आतां वाटतें.

शास्त्रवचन आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर असतें, अशी शंका कोणी घेईल. म्हणून खानदेशांतील दगडांकडेच वळूं. चाळीसगांव तालुक्यांत वाघळी येथें सांपडलेला शके ९९१ चा (इ. स. १०६९) लेख डॉ. कीलहॉर्न यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’ च्या दुसऱ्या खंडांत छापला. यादव सेउणचंद्र दुसरा याचा मांडलिक, मौर्य कुळांतला गोविंदराज, यानें शिवाचें देऊळ केलें व त्याच्या जोडीला सत्र आणि विहीर केली, हा त्या लेखाचा विषय. म्हणजे देवायतन, अन्नदान व वापी, तिन्ही एका लेखांत आणि एका माणसाच्या नांवावर. मौर्यांची वंशावळ व वलभीशीं त्यांनीं सांगितलेला संबंध यांवर आमच्या लोकांनीं पुष्कळ शाई खर्च केली, आणि तें योग्यहि होतें. परंतु त्या विहिरीचा शोध कोणी घेतल्याचें प्रस्तुत लेखकाच्या वाचनांत नाहीं. राजांचीं नांवें लेखांतून वेंचून घेतलीं, त्यांनीं काय केलें तें तेथेंच राहिलें.

पाटण्याचा लेख याहून प्रसिद्ध. चाळीसगांवच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशींत पाटणें येथें देवीच्या देवळांत तो डॉ. भाऊ दाजी यांस सांपडला व १८६५ च्या सुमारास त्यांनीं तो विद्वानांपुढें आणिला, पुढें डॉ. कीलहॉर्न यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’ च्या पहिल्या खंडांत तो पुन्हां संपादिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें पाटणें येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें. लेखांत शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा व चंद्रग्रहण असें दिलें आहे. शकाचा आंकडा आणि संवत्सर यांचा मेळ बसत नाहीं. ग्रहण व संवत्सर धरून कीलहॉर्न यांनीं ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख काढिली, आणि तीच ग्राह्य होय. ज्योतिषाच्या मठाच्या दानलेखांत शकाचा आंकडा चुकावा याची गंमत वाटते. परंतु कोरणारा ज्योतिषी नव्हता.

या लेखाचा शेवटचा भाग संस्कृत सोडून मराठींत येतो, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांना त्याचें मोल सांगावयास नको. आमच्या भाषेचे जे जुने नमुने दगडावर उरले आहेत त्यांत याची गणना होते. देवांची स्तुति व वंशांची कीर्ति संस्कृतांत. पण बाजारांत येणाऱ्या मालावरील आकार, घाण्यागणिक द्यावयाचें तेल, जमीन, हे विषय आले कीं मराठी. ज्यांनीं द्यावयाचें त्यांना समजलें पाहिजे, हा सरळ व्यवहार. मठ कशावर जगला याचा इतका स्वच्छ हिशेब आमच्याकडे थोड्याच संस्थांचा उरला आहे.

आतां याच लेखाकडे पाण्याच्या दृष्टीनें पाहावें. दान ग्रहणकाळीं झालें. ग्रहणाला स्नान लागतें, आणि दान उदक सोडून द्यावें लागतें. मठांत सिद्धान्तशिरोमणि शिकवावयाचा. त्यांतील यंत्राध्यायांत घटीयंत्र आहे, तें पाण्यांत बुडणारें पात्र होय. शंकु रोवावयाचा तर भूमि सपाट हवी, आणि ती सपाट आहे कीं नाहीं हें आमचे ज्योतिषी पाण्यानेंच पाहत. तेलाची सोय लेखांत नमूद आहे, कारण तें दुसऱ्याकडून यावयाचें होतें. पाण्याची नमूद नाहीं, कारण तें जागेवर होतें. पाटण्याच्या परिसरांत आजहि केदारकुंड व धवलतीर्थ हीं नांवें चालत आहेत. मठाची जागा तेथें कां निवडली याचें उत्तर या पाण्यांत असावें, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे; परंतु तो तपासावयाचा तर देवळाचा आराखडा पुरत नाहीं, ओढा कोठून येतो हें काढावें लागतें.

जातां जातां एक खुलासा. पाटण्याच्या लेखांतला चांगदेव आणि तापीपूर्णेच्या संगमावर ज्याचें देऊळ आहे, ज्याला ज्ञानेश्वरांनीं पासष्ट ओंव्या लिहून धाडिल्या, तो चांगदेव योगी, या दोन व्यक्ति होत. नांव एक, देश एक, आणि काळहि शंभर वर्षांच्या आंतबाहेर. त्यामुळें खानदेशांतील चोपड्यांतून त्यांची सरमिसळ झालेली वारंवार आढळते. तसेंच सोइदेवाचा भाऊ हेमाडिदेव याचें नांव त्याच लेखांत आहे. त्यालाहि हेमाडपंत ठरविण्याचा मोह कोणी करूं नये.

देवळाचें वर्णन कसें करावें याचा नमुना शोधावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. तो मराठींतच आहे, आणि सहा शतकांहून अधिक जुना आहे. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकांतली. ती मुनि व्यास कोठी यांच्या नांवावर आहे, आणि डॉ. वि. भि. कोलते यांनीं ती संपादून छापली आहे. श्रीचक्रधर ज्या ज्या गांवीं गेले, जेथें राहिले, बसले, जेवले, फिरावयास गेले, त्या जागांची ही यादी होय. अवस्थान, वसति, आसन, विहरण असे तिचे ठराविक शब्द आहेत. अमक्या गांवाच्या अमक्या दिशेस देऊळ, त्याचें दार कोणीकडे, पटिशाळा कोठें, विहीर वा नदी कोणत्या अंगास, देवळापासून दुसरें देऊळ किती लांब, हें ती रुक्षपणें सांगत जाते. अलंकार नाहींत, स्तुति नाहीं. पहिल्यानें वाचणारा कंटाळतो. पण अशा गांवीं ती हातांत घेऊन उभें राहावें म्हणजे तिची किंमत कळते. खानदेशांतील कनाशीसारखीं ठिकाणें या पंथाला आजहि वंद्य आहेत.

ही काटेकोर दृष्टि त्या पंथाला कोठून आली, याचा विचार करण्याजोगा आहे. ज्या ठिकाणीं स्वामी बसले तेवढ्याच जागेला नमस्कार करावयाचा, एक हात इकडे नाहीं कीं तिकडे नाहीं, हा भाविकाचा आग्रह. तेथें पुढें ओटे बांधले गेले. देवळांतील देवता महानुभावांना उपास्य नव्हत्या. म्हणून त्यांनीं देवळाकडे केवळ खूण म्हणून पाहिलें, जसें विहिरीकडे किंवा झाडाकडे पाहावें तसेंच. भक्त असते तर त्यांनीं मूर्ति वर्णिली असती आणि विहीर सोडली असती, जशी आपण पद्मालयास सोडली. ज्यांना त्या देवळांत पूजा करावयाची नव्हती त्यांनींच त्याचें स्थळ सर्वांत नीट लिहून ठेविलें.

स्थानपोथीवरहि डोळे मिटून विश्वासतां येत नाहीं. मूळ लीळाचरित्राची प्रत परचक्राच्या धामधुमींत नष्ट होऊन तें आठवणीवरून पुन्हां जुळविलें गेलें, आणि त्याचे निरनिराळे पाठ झाले, हें विदित आहे. स्थानांच्या पोथ्याहि नकलाकारांच्या हातून गेल्या. प्रत्येक नकलेंत गळती वा भर होण्याचा संभव धरिला पाहिजे. दिशांचे शब्द तर फसवे. ‘देवळाच्या उजवीकडे’ म्हणजे देवाच्या उजवीकडे कीं येणाऱ्याच्या? दार बुजवून दुसरीकडे काढलें असेल तर काय? आणि देऊळ कोणीं केव्हां बांधलें याविषयीं पोथी मौन धरिते, तिला तें नकोच आहे. काळासाठीं शिलालेख, घडणीसाठीं कझेन्स, आणि जागा व पाणी यांसाठीं स्थानपोथी, असे तिन्ही साक्षीदार एकत्र उभे केल्यावांचून साक्ष पुरी होत नाहीं. आजवर पहिले दोनच बोलाविले गेले.

पाण्याला आराखड्यांत घेतल्यानें काय फरक पडतो, हें पाहावयाचें असेल तर खानदेशाबाहेर क्षणभर जाऊन बीडचें कंकालेश्वर पाहावें. तें देऊळ तळ्याच्या मध्यभागीं आहे. पाण्यांतून दगडी वाटेनें त्यापर्यंत जावें लागतें. आंत तीन गाभारे, बाहेर तारकाकृति घडण, आणि भिंतींवर शस्त्र धारण केलेल्या स्त्रियांच्या मूर्ति. जोत्यापाशीं थांबणारा आराखडा या देवळाविषयीं सर्व कांहीं सांगेल आणि मुख्य गोष्ट सांगणार नाहीं. येणाऱ्यानें कोणत्या रेषेंत यावें, किती अंतरावरून प्रथम पाहावें, हें तळें ठरवितें. बाहेरच्या भिंतीचे कोनाकोनांनीं मोडलेले पदर पाण्यांत उतरून दुप्पट होतात, आणि तारकाकृतीचा खरा उपयोग तेथें दिसतो. तें तळें शोभेकरितां मागून जोडलें असें म्हणणाऱ्यानें तळें काढून टाकून तेथें कसें जावयाचें हें आधीं सांगावें.

खानदेशांतहि पाण्याच्या मधोमध उभें असलेलें एक स्थान आहे, मात्र तें तळ्यांत नसून नदींत आहे. अंमळनेर येथें बोरी नदीच्या पात्रांत श्रीसखाराम महाराजांची समाधि आहे. महाराजांनीं १८१८ सालीं देह ठेविला. उंच दगडी जोत्यावर पात्रांतच समाधिमंदिर उभारलेलें आहे, आणि वैशाखांत तेथें मोठी यात्रा भरते. यात्रेला येणारा कोरडें वाळवंट पाहतो, म्हणून त्याला जोतें विनाकारण उंच वाटतें. पूर आला असतां येऊन पाहिल्यास त्या उंचीचें कारण विचारावें लागत नाहीं. देवळाचें वर्णन कोणत्या ऋतूंत केलें हेंहि वर्णनांत लिहिलें पाहिजे, हा धडा बोरीच्या पात्रांत मिळतो. शिल्पाला ऋतु नसतो, पाण्याला असतो.

या सर्वावर एक आक्षेप येईल व तो हलका नाहीं. पाण्याला तारीख नसते. तळें दर पिढीला उपसलें जातें, पायऱ्या बदलल्या जातात, बारवेचे दगड गांवच्या वेशीला जातात. मग त्यांतून इतिहासाला काय मिळणार? शिवाय पाणी माणूस हलवितो. तापीवरील हतनूरचें धरण १९८२ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या फुगवट्यानें चांगदेवाच्या संगमाचें रूप पालटलें. कझेन्स यांच्या ग्रंथाच्या काळीं जो संगम होता तो आतां पाहावयास मिळत नाहीं.

आक्षेप मान्य, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जें टिकाऊ आहे त्याची नोंद उद्यांहि करितां येईल, जें बदलतें त्याची आज केली पाहिजे. हतनूरपूर्वींच्या संगमाचें, पाण्याच्या पातळीसह, घाटाच्या पायऱ्या मोजून केलेलें एक टिपण कोणीं केलेलें असतें तर आज त्याला शिलालेखाची किंमत आली असती. पुण्याचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं पर्वतीखालीं तळें झालें, त्यांतील बेटावर १७८४ सालीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत गणपतीची स्थापना झाली. विसाव्या शतकांत तळ्याचें पाणी काढून तेथें बाग केली गेली. देव मात्र अजून ‘तळ्यांतला गणपति’ च म्हणवितो. तेथें पेशवाईचें दप्तर आहे, म्हणून नांव आणि वस्तुस्थिति यांतला हा विसंवाद कोणालाहि उलगडतां येतो. खानदेशांत ज्या देवळांच्या नांवांत कुंड, तळें किंवा तीर्थ आहे आणि समोर कोरडी जमीन आहे, त्यांच्यासाठीं दप्तर कोठें आहे?

तें अगदींच नाहीं असें नव्हे. पांझरा, कान व मोसम या नद्यांवर बंधारे घालून फडांनीं शेतें भिजविण्याची रीत आमच्याकडे फार जुनी. तीवर पाटकरी, हवालदार, जागल्या असे नेमलेले लोक असत, व पाण्याच्या पाळ्यांवरून भांडणें होत. जेथें भांडण आहे तेथें कागद आहे. देवस्थानच्या खर्चाच्या किर्दी, गाळ काढण्याची मजुरी, तळ्याकाठच्या इनाम जमिनीची सनद, दोन गांवांच्या शिवेवरील महजर, यांत विहीर, ओढा, पाट हे खुणेचे शब्द ओळीओळीला येतात. असे कागद वाचतांना आमची दृष्टि मजकुरांतल्या मोठ्या नांवांकडे जाते, आणि चतुःसीमेचा भाग ‘नेहमींप्रमाणें’ म्हणून नक्कल करितांना गाळला जातो. प्रस्तुत लेखकानेंहि असे भाग गाळले आहेत. वि. का. राजवाडे यांनीं धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजीं देह ठेविला व पुढल्या वर्षीं त्यांच्या नांवें तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. गांवोगांव फिरून रुमाल सोडण्याची संवय त्यांनींच आमच्या देशाला लाविली. रुमालांतला कागद पुरा उतरून घ्यावा, चतुःसीमेसकट, एवढेंच आतां त्यांत घालावयाचें आहे.

वाघळी व कनाशी या दोन स्थानांपुरतें काम हातीं घेण्याचा विचार आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं स्थानपोथीची अथवा स्थानांच्या कोणत्याहि यादीची हस्तलिखित प्रत असेल, मग ती सकळ लिपींत असो वा बाळबोध, त्यांनीं या दोन गांवांच्या ओळी, दिशा व अंतरें दाखविणाऱ्या शब्दांत कांहींहि दुरुस्त न करितां, जशाच्या तशा उतरून पाठविल्यास उपकार होतील. प्रतीचा शक व नकलाकाराचें नांव असल्यास तेंहि द्यावें. पद्मालयाच्या तळ्याचें टिपण पुढल्या खेपेस, दोन ऋतूंत दोनदां जाऊन, सादर करण्यांत येईल.